घटपर्णीला कॉफी पाजूनही घडे का धरत नाहीत?

घटपर्णी म्हणजे घड्यांत किडे पकडून खाणारं झाड. तिच्या पानाच्या टोकाला दोरी फुटते, दोरीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं बोंड धरतं, ज्याचा पुढे घडा व्हायचा असतो, आपण रोज सकाळी दात घासत ते बघायला जातो आणि पंधरा दिवसांनी ते बोंड काळं पडून वाळतं. पुढच्या पानाचं तेच, त्याच्या पुढच्याचंही तेच. मग कुणीतरी सांगतं, ‘अगं, घटपर्णीला कॉफी आवडते. आम्ल असते ना. पातळ करून घाल, बघ कसे घडे लागतात.’ आपण घालतो. दोन-तीन महिन्यांनी घडे लागतातसुद्धा. पण पुढच्या वर्षी दिवाळी झाली की बोंडं पुन्हा वाळायला लागतात आणि कॉफीचं पातेलं पुन्हा गॅसवर चढतं.

मी हा उद्योग तीन वर्षं केला. चौथ्या वर्षी कॉफी तीच, माप तेच, झाडही तेच, पण घडे काही आले नाहीत. तेव्हा कुठे डोकं चालवायला सुरुवात केली. ज्यांचं झाड अशा फेऱ्यात अडकलंय त्यांनी काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने, ते इथे लिहिते आहे. माझं झाड व्हेंट्राटा, म्हणजे नर्सरीत ‘पिचर प्लांट’ म्हणून हँगिंग कुंडीत सर्रास मिळतं ते संकरित वाण. जागा ठाण्यात घोडबंदर रोडला, सातवा मजला, पश्चिमेची बाल्कनी. खोपट, वाशी किंवा खारघरला थोडाफार फरक पडेल, पण तपासणीचा क्रम तोच राहील.

कॉफी घरात कशी शिरली

आमच्या घरात चहाची पत्ती कधी कचऱ्यात जात नाही. सासूबाई ती धुऊन, वाळवून गुलाबाला घालतात आणि गुलाब छान फुलतो. त्यामुळे घटपर्णी रुसली तेव्हा त्यांचा सल्ला तयार होता, ‘चहा चालतो तर कॉफी का नाही चालणार? ती तर महाग असते.’

समोरच्या ब्लॉकमधल्या अम्मांकडे रोज फिल्टर कॉफी होते. त्यांनी स्टीलच्या डब्यात चोथा द्यायला सुरुवात केली. मी तो चमचाभर कुंडीत पसरायचे आणि दर पंधरा दिवसांनी वरून थंड केलेली पातळ काळी कॉफी घालायचे. हे सगळं फेब्रुवारी ते मे. जून संपता संपता नवे घडे लोंबायला लागायचे, लालसर ओठांचे, छान फुगलेले. मी अम्मांना नेऊन दाखवायचे. त्यांनाही आपल्या डिकॉक्शनचा अभिमान वाटायचा.

आता ही तारीखवार यादी ठाण्याच्या हवेशेजारी ठेवून बघा. मला ते सुचायला तीन वर्षं लागली. डिसेंबर ते मार्च आपल्याकडे जमिनीवरून कोरडा वारा येतो. ओठ फुटतात, सकाळी धुतलेली चादर दुपारपर्यंत वाळते. बोंडं वाळायची ती याच दिवसांत. मार्चपासून टँकर सुरू. जूनमध्ये पाऊस. माझी कुंडी ग्रीलच्या बाहेरच्या बाजूला टांगलेली, पाऊस थेट तिच्यावर पडायचा. म्हणजे हवेला ओल आली, आणि वर्षभर कुंडीत साचलेले क्षार आठ-दहा दिवसांच्या पावसाने आपोआप धुऊन गेले. घडे यायचे ते त्यामुळे. श्रेय मात्र अम्मांच्या डब्याला मिळायचं.

चौथ्या वर्षी मे महिन्यात नवऱ्याने ग्रीलवर पत्र्याची शेड बसवून घेतली, कारण पावसाचं पाणी हॉलपर्यंत यायचं. हॉल कोरडा राहिला. कुंडीही. कॉफी नेहमीसारखी चालू होती. ऑगस्ट उजाडला तरी एक घडा नाही, उलट पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या.

आधी पाणी मोजा

घडे थांबले की माणूस प्रथम खताचा विचार करतो. घटपर्णीच्या बाबतीत प्रथम पाण्याचा करा. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो, पेनासारखा, पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. हा आकडा म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज. घटपर्णीसाठी तो पन्नासच्या खाली असला तर उत्तम, शंभरपर्यंत व्हेंट्राटासारखं दणकट झाड निभावून नेतं, त्याच्या वर दिवस भरायला लागतात.

ठाणे-नवी मुंबईकरांना इथे एक सवलत आहे. आपलं नळाचं पाणी मुळात धरणाचं. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरण, ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं पाणी. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून आलेलं पावसाचंच पाणी ते, त्यामुळे तसं मऊ. आमच्या नळाला मी मोजलं तेव्हा नव्वदच्या आसपास भरलं. वाईट नाही. गडबड होते ती टाकीत. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत पालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी एकत्र होतं, आणि टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं. एप्रिलमध्ये त्याच नळाला आकडा पाचशेच्या वर गेला. सेक्रेटरी काकांना विचारलं तर म्हणाले, ‘टँकर रोज येत नाही हो, अधूनमधून.’ त्यांचं खरं होतं, पण कुंडीत क्षार अधूनमधून येऊनही साचतातच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून एकदा मोजून समाधान मानू नका, मार्च ते जून आठवड्याला मोजा.

आता पर्याय. आरओचं पाणी चालतं, पण आजकाल बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळतात किंवा थोडं न गाळलेलं पाणी सोडतात, तेव्हा तेही मोजूनच घ्या. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे फेकलेलं पाणी येतं ते आपण काटकसर म्हणून बादलीत धरतो. ते फरशी पुसायला उत्तम, घटपर्णीला विष. एसीच्या नळीचं पाणी क्षारांच्या दृष्टीने स्वच्छ असतं. फिल्टर आणि कॉइल साफ असतील, नुकतंच सर्व्हिसिंगवाल्याने केमिकल मारलेलं नसेल तर मी ते वापरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, तेही चालतं. फक्त दुकानदाराकडून बॅटरीचं ॲसिड घेऊन येऊ नका, दोन्ही कॅन सारखे दिसतात.

आणि पाऊस. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपण झाडासाठी पाणी विकत घेतो, हे मला आता जरा लाजिरवाणं वाटतं. पहिले दोन-तीन दिवस धूळ आणि धूर धुऊन जाऊ द्या, मग स्वच्छ बादली बाल्कनीबाहेर धरा. वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवले तर एका व्हेंट्राटाला कोरड्या दिवसांत बरेच आठवडे पुरतात.

नुसतं ओतायचं पाणी मोजून भागत नाही, कुंडीच्या आत काय साठलंय तेही कळायला हवं. त्याची युक्ती सोपी आहे. कुंडीत पावसाचं किंवा डिमिनरलाइज्ड पाणी हळूहळू ओता, खालून निथळणारं पाणी वाटीत धरा आणि त्यात मीटर बुडवा. वरून जवळपास शून्याचं पाणी घातलं होतं, माझ्या वाटीत नऊशेच्या पुढचा आकडा आला. मी दोनदा मीटर पुसून बघितला.

त्या नऊशेमध्ये कॉफीचा वाटा

कप-भर काळ्या कॉफीत विरघळलेला ऐवज साधारण सव्वा टक्का असतो, म्हणजे मीटरच्या भाषेत बारा हजारांच्या घरात. तो सगळाच क्षार नसतो, त्यामुळे मीटर तेवढा दाखवणार नाही. पण दहापट पातळ केली तरी आपण ‘पन्नासच्या खाली’ या नियमापासून किती लांब गेलो ते लक्षात येतं. खनिजांत सगळ्यात जास्त असतं पोटॅशियम, एका मोठ्या कपात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. नायट्रोजन, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो तयार कॉफीत नावापुरता असतो.

चोथ्याचं गणित वेगळं. वाळलेल्या चोथ्यात वजनाच्या दोनेक टक्के नायट्रोजन असतो, हे खरं. पण तो प्रथिनांत अडकलेला. बुरशी आणि जिवाणूंनी चोथा कुजवल्याशिवाय तो सुटत नाही, आणि कुजवताना सुरुवातीला तेच तो खाऊन टाकतात. गुलाबाच्या मातीत गांडुळं, जिवाणू, सगळा संसार असतो, तिथे हे काम होऊन जातं. घटपर्णीच्या कुंडीत मॉस (वाळवलेलं शेवाळ), परलाइट (पांढरे, हलके खडे) आणि नारळाचे तुकडे. तिथे चोथा नुसता ओला होऊन बसतो, त्याचा थर घट्ट होतो, खाली हवा जात नाही. आठवड्यात पांढरी लव येते आणि मागोमाग चिलटं. मला वाटायचं, बरं झालं, चिलटं घड्यात पडतील, झाडाला आयतं जेवण. पडली थोडी. बाकीच्यांनी कुंडीत अंडी घातली आणि अळ्यांनी बुरशीबरोबर कोवळी मुळंही कुरतडली.

आम्लाचा युक्तिवादही तपासून बघावा. तयार कॉफी पाचच्या आसपास सामूची (पीएचची), म्हणजे सौम्य आम्ल. पण आम्ल बरंचसं त्या पाण्यात उतरतं. मागे राहिलेला चोथा जवळपास उदासीन असतो. आम्लासाठी म्हणून जो चोथा घातला त्यात आम्लच फारसं नव्हतं! शिवाय कॅफीन. कॉफीचं झाड ते आपल्याला तरतरी यावी म्हणून बनवत नाही. किडे दूर ठेवायला आणि आजूबाजूला दुसरं बी रुजू नये म्हणून बनवतं. मोठ्या झाडाला थोड्याशा कॅफीनने काही होत नसेल, पण रोपांना आणि मुळं धरत असलेल्या कलमांना मी ते चुकूनही देणार नाही.

आपल्याकडची आणखी एक भानगड म्हणजे चिकोरी. फिल्टर कॉफीच्या पुड्यात आणि कितीतरी इन्स्टंट कॉफींत ती मिसळलेली असते, पाकिटावर टक्केवारी बारीक अक्षरांत छापलेली असते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. त्यात विद्राव्य पिष्टमय पदार्थ भरपूर, बुरशीला मेजवानी. परदेशातल्या कुणाला काळ्या कॉफीने फायदा झाला असेल तर त्याच्या कपात बहुधा चिकोरी नसते. अम्मांच्या पुड्यात होती. दूध-साखर घातलेली उरलेली कॉफी कुंडीत ओतणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. वास आला असेलच.

खत नको म्हणून तर घडे आहेत

कासच्या पठारावर सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात, निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा. फोटो काढून आपण पुढे जातो. ती वनस्पती कीटकभक्षी आहे, ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. जवळपास दवबिंदूही सापडतो, चिकट थेंबांवर किडे धरणारा. दोघांचंही घर म्हणजे जांभ्या दगडावरचा बोटभर मातीचा थर, पावसाने धुऊन निघालेला, ज्यात अन्न जवळजवळ नाही. असल्या गरिबीत तग धरायला या वनस्पतींनी किडे खायची सोय केली.

घटपर्णीचं तसंच. भारतात जंगलात सापडणारी तिची एकच जात, खासियाना, मेघालयात. ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ हुकर १८५० मध्ये खासी टेकड्यांत फिरला होता आणि पुढे लंडनच्या क्यू उद्यानाचा प्रमुख असताना त्याने १८७४ मध्ये घटपर्णीच्या घड्यांत अंड्याचा पांढरा बलक, कच्चं मांस असं काय काय टाकून पाहिलं. ते विरघळलं. म्हणजे पचनाची सोय घड्यात आहे. मुळं प्रामुख्याने पाणी आणि आधार यासाठी, जेवायचं तोंड वर लोंबतंय. आपण मात्र पायाला शिरा भरवत बसतो.

घडा बनवणं झाडाला महाग पडतं. मुळाशीच नायट्रोजन मिळायला लागला तर ते कशाला कष्ट घेईल? अमेरिकेतल्या सरासेनिया या दुसऱ्या एका घडेवाल्या वनस्पतीवर हे प्रयोगातून दिसलेलं आहे, नायट्रोजन वाढवला की घडे कमी आणि चपटी पानं जास्त. त्यामुळे कॉफी, शेणखत, गांडूळखत, एनपीके काहीही मुळाशी घालून झाड ‘हिरवंगार झालं’ म्हणून खूश होऊ नका. हिरवंगार, मोठ्या पानांचं आणि बिनघड्यांचं झाड ही तक्रारच आहे.

घडे तरी किडेच खातात असं कुठे आहे. बोर्निओतली एक घटपर्णी वटवाघळांना घड्यात झोपायला जागा देते आणि त्यांच्या विष्ठेवर जगते. एक जात जमिनीलगत घडे उघडे ठेवून वरून पडणारा पालापाचोळा जिरवते. कॉफी मात्र कुणाच्याच ताटात नाही.

झाड काय सांगतंय ते ओळखा

कॉफी घातल्याने सगळी लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून आधी महिनाभर ती बंद करा आणि मग बघा.

पान निरोगी, तजेलदार, पण टोकाचं बोंडच वाळतंय, तर हवा कोरडी आहे. पंख्याखाली, एसीच्या झोतात किंवा जानेवारीच्या वाऱ्यात टांगलेल्या कुंडीचं हेच होतं. पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी, नवी पानं आधीच्यापेक्षा लहान, कुंडीच्या काठावर पांढरट खार, तर पाण्याचे क्षार. पानं मोठी, गडद, लोंबकळणारी, दोऱ्या लांबलचक पण टोकाला काही नाही, तर उजेड कमी किंवा मुळाशी खत जास्त. या दोघांत फरक करायचा तर कुंडी दोन महिने सकाळच्या उन्हात हलवा. उजेडाचं दुखणं असेल तर नवी पानं आखूड आणि किंचित लालसर येतील. कुंडी ओली असूनही झाड मलूल, खोडाचा तळ मऊ, तर मुळं कुजली, आणि मग वाट बघू नका.

जुना घडा वरून खाली वाळत जातो तो रोग नाही. त्याचं आयुष्य संपलं. पान हिरवं असेल तर पान ठेवा, वाळलेला घडा तेवढा कापा.

हवेचं मी फार ताणत नाही. डिसेंबर ते मार्च कुंडी ग्रीलवरून काढून बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात, इतर झाडांच्या घोळक्यात ठेवली, खाली खडे घातलेल्या ट्रेमध्ये पाणी (कुंडी पाण्यात नाही, खड्यांवर) आणि सकाळ-संध्याकाळ फवारा. तेवढ्याने अर्धी बोंडं वाचली. सगळी वाचवायचा हट्ट सोडला. पश्चिमेचं एप्रिल-मेचं तीनचं ऊन मात्र हिरव्या शेडनेटशिवाय झेपत नाही.

कॉफी पाजलेलं झाड कसं सावरायचं

चोथ्याचा थर चमच्याने खरवडून काढा, त्याखालचा काळपट झालेला बोटभर थरही. मग धुलाई. कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी, कमी क्षाराचं, एकदम न ओतता अर्ध्या-अर्ध्या तासाने चार हप्त्यांत. शेवटच्या हप्त्याचं निथळलेलं पाणी मोजा. शंभरच्या आसपास आलं तर महिनाभर कुंडी बदलायची गरज नाही. माझं धुऊन धुऊन अडीचशेच्या खाली आलं नाही, वासही येत होता, म्हणून कुंडी बदलली.

इथे एक घाबरायचं कारण नसलेली गोष्ट. घटपर्णीची मुळं मुळातच काळी, बारीक आणि केसाळ असतात. ती बघून मी अर्धी कुजलेली समजून कापायला निघाले होते. बोटांत धरून बघा. काळी पण चिवट मुळं जिवंत आहेत. दाबल्यावर साल सुटून आत नुसता धागा उरला तर मेलेली. फार झटकाझटकी करू नका, ती सहज तुटतात.

माझं मिश्रण असं, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा पाइनची साल दोन भाग, परलाइट एक भाग, स्फॅग्नम मॉस एक भाग. नारळाचे तुकडे आणि कोकोपीट यांच्यात बऱ्याचदा मीठ असतं, ते रात्रभर भिजवून, पाणी फेकून, पुन्हा भिजवून, भिजलेल्या पाण्याचा आकडा उतरेपर्यंत धुवायचं. मी हे तीन दिवस केलं. सासूबाईंनी विचारलं, ‘डाळ भिजवलीयस की काय?’ लाल माती, शेणखत, राख, काही नाही. कुंडी प्लॅस्टिकची, कारण मातीच्या कुंडीच्या अंगात क्षार मुरतात. खाली बशी ठेवून त्यात पाणी साठवायचं नाही. व्हीनस फ्लायट्रॅपला, म्हणजे किडा बसला की पान मिटून घेणाऱ्या झाडाला, जे चालतं ते हिला चालत नाही.

बदललेल्या कुंडीवर दोन-तीन आठवडे पारदर्शक पिशवी सैल ओढून सावलीत ठेवा. या काळात खत किंवा खाऊ काही नको. जुनी पानं सुधारणार नाहीत, डाग तसेच राहतील. नजर फक्त नव्या पानावर. व्हेंट्राटाला तीन-चार आठवड्यांत एखादं पान येतं आणि बोंडापासून उघडलेल्या घड्यापर्यंत आणखी दीड-दोन महिने. म्हणजे आज सुधारलेल्या चुकीचं फळ तीन महिन्यांनी दिसणार. मधल्या काळात हात शिवशिवतात, आणि तेव्हाच कुणीतरी कॉफी सुचवतं.

जेवायला काय द्यायचं

उघड्या बाल्कनीत टांगलेली घटपर्णी मुंग्या, माश्या, एखादं झुरळ स्वतः पकडते, तिला काही द्यावं लागत नाही. बंद खिडकीत असेल तर घड्यात द्या, मुळाशी नाही. मोहरीएवढ्या माशांच्या खाद्याच्या दोन-तीन गोळ्या एका घड्यात, तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही सगळ्या घड्यांत एकदम नाही. हळू विरघळणाऱ्या खताची एखादी गोळी नव्या उघडलेल्या घड्यात टाकणारेही आहेत. मी करून पाहिलंय, चालतं, पण दोन गोळ्यांच्या वर घडा करपतो. पनीर, चिकन, अंडं नको. हुकरने प्रयोगशाळेत केलं, आपल्याला बाल्कनीत जेवायचं असतं. घड्यातलं पाणी सांडलं असेल तर पाव भाग स्वच्छ पाण्याने भरा. मी एकदा घड्यातच कॉफी ओतून बघितली होती. चार दिवसांत घडा खालून काळा पडला आणि बाल्कनीचं दार लावून घ्यावं लागलं.

पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधायला पालिकेची माणसं येतात. आमच्याकडे आलेला मुलगा टॉर्च मारून म्हणाला, ‘ताई, ह्यात पाणी साठलंय, ओतून टाका.’ म्हटलं, ‘दादा, ते पाणी झाडाचं आहे, ओतलं तर झाड उपाशी राहील.’ त्याने एकेका घड्यात वाकून बघितलं, मेलेल्या मुंग्यांचा गाळ दिसला, अळी नव्हती. मग खड्यांच्या ट्रेकडे बोट दाखवलं. तिथे होत्या. तेव्हापासून ट्रेचं पाणी दर चार दिवसांनी बदलते.

तरीही कॉफी घालायचीच असेल तर

कॉफी हे जालीम विष आहे असं मी म्हणत नाही. कमी क्षाराचं पाणी, मोकळं मिश्रण आणि भरपूर उजेड असलेलं मोठं झाड अधूनमधून थोडी कॉफी पचवतं, काहींच्या मते त्याने पानं जोमात येतात. घालायचीच तर शंभर टक्के कॉफी, बिनचिकोरीची, बिनदुधाची, बिनसाखरेची. नेहमीची तयार केलेली एक भाग आणि पाणी दहा भाग. दीड महिन्यातून एकदा, तीही झाड वाढीला लागलेलं असताना. आणि त्यानंतर आठवड्याभरात एकदा स्वच्छ पाण्याने कुंडी धुऊन काढायची. चोथा नाहीच. रोप, कलम, नुकतीच कुंडी बदललेलं झाड, आजारी झाड यांना नाही. दवबिंदू, फ्लायट्रॅप, सरासेनिया यांना तर अजिबात नाही.

मी एक साधी पडताळणी केली. एकाच झाडाची दोन कलमं, चांगली मुळं धरून वर्षभराची झाली तेव्हा शेजारी टांगली. दोघांना पावसाचं पाणी. एकाला वर दिलेल्या मापाने कॉफी, दुसऱ्याला काही नाही. सहा महिन्यांनी कॉफीवाल्याची पानं बोटभर जास्त रुंद होती, हे मान्य करायला हवं. घडे त्याला तीन, दुसऱ्याला पाच. दोनच कलमांवरून शास्त्र सांगता येत नाही, पण मला घडे हवे होते.

अम्मांचा डबा अजून येतो. चोथा आता सोसायटीच्या कंपोस्टच्या ड्रमात जातो, हे त्यांना सांगायला मला दोन महिने लागले. ऐकून त्या म्हणाल्या, ‘मग इतकी वर्षं माझ्या कॉफीने काहीच केलं नाही?’ आणि त्या पाच घडेवाल्या कलमाकडे बोट दाखवलं. ते त्यांना दिलं, सोबत पावसाच्या पाण्याचा एक कॅन आणि माझा जुना मीटर.